काळ्या वैकुंठरथाचा रंग: खान्देशच्या उन्हात उजळायचा कसा, टिकवायचा कसा

खान्देशात बहुतेक वैकुंठरथ पांढरे दिसतात आणि ते शहाणपणाचंच आहे. पांढऱ्यावर धूळ खपते, बोअरच्या पाण्याचे डाग खपतात, पत्राही कमी तापतो. तरी काही संस्थांकडे काळी गाडी असते. कुठे देणगीदाराने दिलेल्या जुन्या काळ्या गाडीचा रथ केलेला असतो, कुठे विश्वस्तांनी प्रसंगाला शोभतो म्हणून मुद्दाम काळा रंग निवडलेला असतो. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा उन्हात उभ्या काळ्या पत्र्याचं तापमान ७० अंशांच्या वर सहज जातं. असा रथ ज्यांच्याकडे सांभाळायला आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

हौसेच्या गाडीचे उपाय इथे जसेच्या तसे चालत नाहीत, कारण रथाला सुट्टी नसते. रात्री अडीचला फोन येतो, "आते गाडी काढनी पडी, भो," आणि ड्रायव्हर चावी घेऊन निघतो. म्हणून सगळं काम तुकड्यातुकड्यांनी करायचं, आणि हातात घेतलेला तुकडा पुरा करूनच थांबायचं. आज बोनेट, परवा डावा दरवाजा. निम्म्या बोनेटवर पॉलिश फासलेली गाडी कुणाच्या दारात नेऊन उभी करायची नाही.

रथाचा रंग कशाने जातो

रस्त्याचा वाटा त्यात कमीच. रथ सावकाश चालतो आणि सगळा मार त्याला थांबलेला असताना बसतो. झेंडूचे ओले हार तापल्या बोनेटवर तासभर राहिले की तपकिरी-नारिंगी डाग धरतात. केळीची पानं किंवा खुंट बांधले असतील तर चिकाचे काळपट ओघळ उतरतात, आणि ते वाळल्यावर हट्टी होतात. म्हाताऱ्या माणसाची अंत्ययात्रा असली की गुलाल, बुक्का, लाह्या आणि सुटे पैसे उधळले जातात. बोनेटवर पडलेलं नाणं बारीक टवका काढतं. हार बांधायला वापरलेली तार पत्र्यावर घासते. फोटोच्या फ्रेमची कड घासते. चिकटपट्टीचा गोंद उन्हात विरघळून पत्र्यात बसतो. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर तिरडी किंवा स्ट्रेचर सरकवताना ओरखडे पडतात. आणि लोक गाडीला टेकतात, धरतात, हात फिरवतात. त्यांना कुणी काही बोलायचं नाही. ती गाडी त्यासाठीच आहे.

त्यावर आपल्या भागाची भर. जिनिंगच्या हंगामात कापसाची रुई आणि बारीक तंतू उडतात. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या बाजूला राखेची पूड बसते, तिच्यात सिलिकाचे खरखरीत कण असतात. काळ्या मातीची धूळ तर बारा महिने. कोरड्या फडक्याने ही धूळ पुसणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. काळ्या रंगावर उन्हात बारीक ओरखड्यांची जी गोल गोल जाळी चमकते ती बहुतेक अशीच पडलेली असते, आणि बहुतेक वेळा ती पाडणारा माणूस गाडी "स्वच्छ" करत असतो.

आधी रंगाचा प्रकार ओळखा

कंपनीतून आलेल्या गाडीवर खाली प्रायमर, मग काळा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर असतो. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, आणि त्यातला पारदर्शक थर जेमतेम ४०-५०. म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. झळाळी आणि उन्हापासूनचा बचाव याच थरात असतो, म्हणून घासून घासून तो संपवता कामा नये.

पण रथाचा मागचा भाग बऱ्याचदा स्थानिक फॅब्रिकेटरने बांधलेला असतो आणि त्यावर थेट काळं इनॅमल (साधा ऑइलपेंट) किंवा पीयू (पॉलीयुरेथेन रंग) मारलेलं असतं, वर पारदर्शक थर नसतो. एकाच गाडीवर पुढे एक रंग आणि मागे दुसरा, हे इथे नेहमीचं आहे. ओळखायची रीत सोपी. न दिसणाऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन चोळा. कापड काळं झालं तर रंग थेट आहे, कापड पांढरंच राहिलं तर वर पारदर्शक थर आहे. इनॅमल मऊ असतं आणि तापलं की चिकट होतं, म्हणून त्यावर मशीन अगदी हळू फिरवायचं किंवा हातानेच काम करायचं.

जवळपास रंगाची जाडी मोजायचं यंत्र असलेलं डिटेलिंगचं दुकान असेल तर प्रत्येक पत्रा मोजून घ्या. आकडा २००-३०० आला तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे; हजाराच्या घरात गेला तर खाली पुट्टी आहे. ८०च्या खाली कुठे दिसला तर तिथे मशीन लावूच नका.

वेळ आणि जागा

मोठं काम दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंत काढा. उन्हाळ्यातच करावं लागलं तर पहाटे सहा ते नऊ, शेडमध्ये. कसोटी एकच: पत्र्यावर हाताची मागची बाजू टेकवली तर गार लागली पाहिजे. कोमट लागली तरी थांबा, नाहीतर शॅम्पू, पॉलिश, सीलंट (रंगावरचा संरक्षक लेप) सगळं वाळून डाग धरेल. सकाळी शेडमध्ये आधी जमिनीवर पाणी मारून घ्या म्हणजे धूळ उडत नाही. शेजारी जिनिंग असेल तर ज्या दिवशी तिथे काम बंद असेल तो दिवस धरा.

धुलाई

इथे मी जरा जास्तच रेंगाळणार आहे, कारण निम्मा रंग धुलाईतच वाचतो.

गाडीवर गुलाल असेल तर आधी पाणी मारू नका. गुलाल भिजला की त्याचा रंग रबरात, पांढऱ्या अक्षरांत आणि पत्र्याच्या बारीक चिरांत उतरतो. आधी ब्लोअरने किंवा कंप्रेसरच्या हवेने तो उडवा. वाऱ्याच्या दिशेला पाठ करून उभं राहा आणि तोंडाला रुमाल बांधा. बोनेट आणि काचेच्या मधली जाळी, दरवाजाच्या फटी, नंबरप्लेटच्या मागची जागा, सगळीकडे हवा मारा. लाह्या आणि पाकळ्या त्या जाळीत अडकून पाण्याची वाट बंद करतात आणि पुढे तिथेच गंज धरतो, त्या हाताने वेचून काढा.

मग भरपूर साधं पाणी, वरून खाली, हात न लावता. पाण्याबरोबर सुटेल ती सगळी धूळ आधी जाऊ द्या. त्यानंतर दोन बादल्या घ्या: एकीत कार शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, हातभर भाग सरळ रेषेत पुसायचा, मग तो साध्या पाण्यात पिळून परत शॅम्पूत. छप्पर आधी, मग काचा, बोनेट, दरवाजे, आणि सगळ्यात खालचा पट्टा शेवटी, वेगळ्या फडक्याने. भांड्याचा साबण आणि कपड्याची पावडर वापरू नका, दोन्ही संरक्षक थर उतरवतात. वॉशिंग सेंटरला गाडी दिली तर तिथली सगळ्या गाड्यांना फिरलेली चिंधी आपल्या रथाला लावू देऊ नका, आपला मोजा द्या. दादा-भाऊ म्हणून सांगितलं की पोरं ऐकतात.

आता पाणी. आपल्या बोअरचं पाणी जड, क्षारांचं. काळ्या पत्र्यावर थेंब वाळला की पांढरं कडं उरतं, आणि उन्हात ते कडं रंगात कोरलं जातं. म्हणून शेवटचं विसळणं आरओच्या गाळलेल्या पाण्याने किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करा. एका कॅनमध्ये अख्खी गाडी विसळून होते. आरओच्या मशीनमधून बाहेर जाणारं वाया पाणी मात्र चुकूनही नको, त्यात क्षार अजून जास्त असतात. लगेच जाड टॉवेल पसरून ओढत न्या, घासू नका.

चिकटलेलं काढणे

धुऊन झाल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून बोटं फिरवा. खरखर लागली तर कण रंगात रुतलेले आहेत.

क्षारांच्या कड्यांसाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. कापड भिजवून डागावर मिनिटभर ठेवायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. त्यानंतरही कडं दिसलं तर ते कोरलं गेलंय, ते पॉलिशनेच निघेल. डांबरावर आपल्याकडे सर्रास रॉकेल घासतात. त्याने डांबर निघतं, पण रबर कोरडं पडतं आणि तेलकट थर राहतो. टार रिमूव्हर मिळाला तर तो वापरा. रॉकेलच हाताशी असेल तर कापडावर थोडं घेऊन फक्त डागापुरतं लावा आणि लगेच शॅम्पूने धुवा. चिकटपट्टीचा गोंद केस वाळवायच्या ड्रायरने कोमट करून बोटाने गुंडाळत काढा, उरलेल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. ब्लेड लावू नका. ब्रेकची लोखंडी पूड बसलेली असेल, विशेषतः चाकांच्या मागे, तर आयर्न रिमूव्हर मारा. तो जांभळा झाला की धुऊन टाका.

उरलेली खरखर क्ले बारने, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने जाते. वडीएवढा तुकडा चपटा करायचा, पत्र्यावर शॅम्पूचं पातळ पाणी शिंपडायचं आणि हलक्या हाताने सरळ फिरवायचा. मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. जमिनीवर पडला तर टाकून द्या, धुऊन परत वापरायचा मोह नको.

झाकपाक

मशीन लावण्याआधी एक गोष्ट बघा: गाडीवरचं संस्थेचं नाव, "रामनाम सत्य है", स्वस्तिक, फोन नंबर ही अक्षरं हाताने रंगवलेली आहेत की स्टिकरची. हाताची असतील तर ती बहुतेक रंगाच्या वर असतात आणि पॉलिशखाली पुसट होतात. त्यांच्याभोवती दोन बोटं सोडून मास्किंग टेप लावा. रबर, न रंगवलेलं काळं प्लॅस्टिक, दिव्यांच्या कडा आणि पत्र्याच्या धारदार कडाही झाका. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि मशीन आधी तिथेच रंग फाडतं.

ओरखड्यांची जाळी उतरवणे

आपल्या गॅरेजांत जे गोल फिरणारं बफिंग मशीन आणि डब्यातला लाल-तपकिरी रबिंग कंपाउंड असतो, ती जोडी काळ्यासाठी धोक्याची आहे. गॅरेजमधून निघताना गाडी आरशासारखी दिसते आणि दुसऱ्या दिवशी उन्हात मशीनच्या फेऱ्यांचे इंद्रधनुषी पट्टे दिसतात. त्याला कारण असं की कंपाउंडमधलं तेल ओरखडे तात्पुरते भरून टाकतं; पहिल्या धुलाईत तेल जातं, ओरखडे उरतात. डीए मशीन, म्हणजे फिरता फिरता हेलकावे घेणारं, भाड्याने किंवा उसनं मिळालं तर तेच आणा. नवशिक्याच्या हातात ते बरंच माफ करतं.

बोनेटवर साधारण दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा निवडून चाचणी घ्या. सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने: मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन बंद असताना पॅड पत्र्यावर टेकवून पॉलिश पसरवा, मग १ नंबरवर सारखं करा आणि ४-५ नंबरवर काम. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर सरकेल इतका सावकाश, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला, आधी आडवं मग उभं, असे चार ते सहा फेरे. दाब मशीनच्या वजनाहून थोडासाच जास्त. पॅडच्या पाठीवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा. काम करताना रेघ गोल फिरताना दिसली पाहिजे, थांबली तर दाब जास्त झालाय.

पुसल्यावर खूश व्हायची घाई नको. पाण्यात १०-१५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून तो भाग पुसा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. तेल गेल्यावर जे दिसतं ते खरं. जाळी गेली असेल तर अख्खी गाडी याच जोडीने करा. नसेल गेली तर पॅड तोच ठेवून पॉलिश एक पायरी कडक घ्या, मग पॅड बदला. दोन्ही एकदम बदलू नका. प्रत्येक तुकड्यानंतर पॅड ब्रशने साफ करायचा, नाहीतर निघालेला रंगच पुढचा ओरखडा पाडतो.

नख अडकेल इतका खोल ओरखडा सोडून द्या. तो काढायचा तर आजूबाजूचा पारदर्शक थर संपेल. तिरडीच्या उंबऱ्यावर आणि हँडलखालच्या खळग्यात असे ओरखडे असणारच. तिथे नवा कोरा पत्रा करायचा हट्ट कुणासाठी? दोन हात लांबून गाडी गंभीर आणि स्वच्छ दिसली की काम झालं. पाण्याखाली २०००-३००० नंबरचा पेपर मारायचं काम मुरलेल्या पेंटरचं आहे, इथे ते सुचवतही नाही.

खडूसारखं पांढुरकं पडलेलं जुनं इनॅमल मात्र हाताने फार छान उठतं. मऊ पॉलिश, सुती कापड, छोटे छोटे भाग. कापड काळं होत राहील, तो वरचा मेलेला थर आहे. कापड जवळपास स्वच्छ यायला लागलं की थांबा.

संरक्षण: काय लावायचं

कार्नोबा या नैसर्गिक मेणाची झळाळी काळ्यावर सगळ्यात देखणी, पण आपल्या उन्हाळ्यात ते काही आठवड्यांत उतरतं. सिरॅमिक कोटिंग वर्ष-दोन वर्षं टिकतं, पण ते सुकताना किमान २४ तास पाणी आणि धूळ लागू द्यायची नसते, आणि पुढे आठवडाभर शॅम्पू नाही. रथ एकच असेल तर हे जमणार कसं? संस्थेकडे दुसरी गाडी असेल तरच सिरॅमिकचा विचार करा, आणि जड पाण्याचे डाग सिरॅमिकवरही पडतात हे दुकानदाराला न विचारता लक्षात ठेवा.

एकुलत्या रथासाठी माझी पसंती सिंथेटिक सीलंटला. एका पत्र्याचं पॉलिश झालं, अल्कोहोलने पुसला, की लगेच त्यावर अगदी पातळ थर, डबीवर लिहिलेला वेळ थांबून पुसायचा. गाडी निघायला मोकळी. इथल्या हवेत चार-सहा महिने धरा: एकदा होळीच्या आधी आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास. मधे दर महिन्याला धुतल्यावर स्प्रे सीलंटचा हात.

पैसे थोडे जास्त असतील तर ते अख्ख्या गाडीच्या कोटिंगवर न घालता हात लागतात तेवढ्याच जागांना पीपीएफ लावण्यात घाला: बोनेटचा पुढचा भाग, हँडलखालचे खळगे, मागच्या दाराच्या कडा. ही पारदर्शक जाड फिल्म नाण्याचा आणि नखाचा मार स्वतः घेते. मागच्या उंबऱ्यावर स्टेनलेस स्टीलची पट्टी ठोकून घ्या, कोणताही फॅब्रिकेटर करून देतो.

आणि फुलं बांधायला छपराच्या कडेने एक सळई लावून घ्या, तिला कापड किंवा रबरी नळी गुंडाळा. गाडीत सुती दोरीचा गुंडा कायम ठेवा. लोक तार आणतात कारण दोरी हाताशी नसते. हार टांगायला जागा दिसली की बोनेटवर पसरवणंही कमी होतं.

फेरीनंतर

हार घरी परतल्यावर नाही, वैकुंठधामातच उतरवा. निर्माल्याची जागा तिथे असते. परत आल्यावर हवा, पाणी, टॉवेल, एवढंच. रोज शॅम्पूची गरज नाही. आतली स्वच्छता हायपोक्लोराइटने करत असाल तर त्याचा फवारा बाहेरच्या रंगावर, क्रोमवर आणि स्टीलच्या पट्टीवर राहू देऊ नका. जंतू मरायला लागणारा वेळ झाला की साध्या पाण्याने पुसा, नाहीतर स्टीलला खड्डे पडतात.

गाडी कडुनिंबाखाली किंवा पिंपळाखाली उभी करू नका. सावली मिळते, पण पाखरांची विष्ठा एका दुपारीत रंगात उतरते. ती पडलीच तर ओलं फडकं काही मिनिटं ठेवून उचलायची, खरवडायची नाही. ताडपत्री सगळ्यात वाईट: खाली धूळ, वर वारा, आणि कोंडलेली वाफ. पत्र्याची शेड नसेल तर बांबूवर हिरवी जाळी ताणलेली बरी.

टवके, गंज आणि नवा रंग

टवक्यातून पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याआधी टच-अप करा: गंज कागदाने साफ, प्रायमरचा ठिपका, मग बारीक ब्रशने काळ्याचे दोन-तीन पातळ थर, मधे वाळू देत. चाकांच्या कमानी आणि फुलांच्या सळईचे बोल्ट दरवर्षी बघा, पाणी तिथेच मुरतं.

पारदर्शक थर सालपटासारखा सुटायला लागला असेल तर पॉलिशवर वेळ घालवू नका, तो पत्रा पुन्हा रंगवावा लागेल. डेंटर-पेंटरला टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) पीयू आणि वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, असं स्पष्ट सांगा, आणि रंग जुळवायला गाडीची टाकीची झाकणी काढून नेऊ द्या. काळ्यातही छटा असतात आणि उन्हात त्या वेगळ्या दिसतात. रंगवलेल्या पत्र्याला महिना-दोन महिने मेण, सीलंट काही लावू नका, आतली वाफ बाहेर पडायला हवी. तोवर त्यावर स्टिकर नाही, चिकटपट्टी नाही, नाव रंगवायचं असेल तर तेही नंतर.